सूर्याची करसवलत आणि बेकायदा छप्पर

सूर्यप्रकाशावर अद्याप कोणी कर बसवलेला नाही. मात्र तो प्रकाश पकडून त्याची वीज करणाऱ्या किंवा त्यावर पाणी तापवणाऱ्या यंत्रसामग्रीवर कर आहे, आणि त्या कराच्या सवलतीही आहेत. ह्या सवलतींना आता चाळीस वर्षांचा इतिहास झाला. तो बहुधा तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पॅनेल किती स्वस्त झाले, किती मेगावॅट उभे राहिले, देशाने कोणते उद्दिष्ट गाठले, असा. परंतु करसवलत म्हणजे सरकारने न घेतलेला पैसा. सरकारने पैसा कुणाकडून घेतला हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच कुणाकडून घेतला नाही हाही महत्त्वाचा आहे. आमच्या चळवळीने पहिला प्रश्न पुष्कळदा विचारला. दुसरा मात्र आपण चार्टर्ड अकाउंटंटांवर सोडून दिला.

मी थेरगावात राहतो आणि महाविद्यालयात इतिहास शिकवतो. हा विषय माझ्याकडे ग्रंथालयातून आला नाही, वडिलांच्या पत्र्याच्या पेटीतून आला. २०२४ साली केंद्र सरकारची छपरावरील सौर विजेची योजना जाहीर झाली, तेव्हा धाकट्या भावाने मोबाईलवर तिची माहिती वाचून दाखवली आणि वडिलांनी घराचे कागद काढले. पेटीत एक नोटरी केलेले साठेखत होते, विजेची बिले होती आणि मिळकतकराच्या पावत्यांची एक जाडजूड गड्डी होती. त्या पावत्यांवर एक ओळ वर्षानुवर्षे येत होती : शास्तीकर.

ह्या ओळीकडे मी पुढे येतोच. आधी सवलतींचा इतिहास पाहू.

बाबासाहेब करशास्त्राचे विद्यार्थी होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि पुढे जातो. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे करआकारणीच्या विषयातील त्या काळचे मोठे नाव. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली सेलिग्मन ह्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी ह्या विद्येचा उपयोग कसा केला ते पाहण्यासारखे आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. प्राप्तिकर भरणाऱ्याला एका मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नाला सूट मिळते, आणि त्याच्यावरचा भार ऐपतीप्रमाणे वाढतो. शेतसाऱ्याचे तसे नाही. एक एकरवाला आणि शंभर एकरवाला, पिकले किंवा न पिकले, सारा भरतोच. म्हणजे राज्याच्या तिजोरीत ज्याची ऐपत कमी त्याचा वाटा सक्तीचा, आणि ज्याची ऐपत अधिक त्याच्यासाठी मोजमाप, सूट, तारतम्य. कर कुणावर किती असावा ह्याचा निकष ऐपत हाच असला पाहिजे, ही त्या भाषणाची बैठक होती.

हा निकष मनाशी धरून सौर यंत्रांच्या सवलती तपासल्या तर काय दिसते?

१९७३ च्या तेलसंकटानंतर जगभरच्या सरकारांना सूर्य आठवला. अमेरिकेत १९७८ साली घरावर सौर यंत्रे बसवणाऱ्यांना प्राप्तिकरात सूट देणारा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाऊसच्या छपरावर पाणी तापवणारी सौर पटले बसवली, आणि १९८६ साली पुढच्या राजवटीत ती उतरवली गेली. आपल्याकडे १९८१ साली केंद्राने अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला, १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. महाराष्ट्रातही ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ऊर्जा विकास अभिकरण सुरू झाले. त्या काळी सामान्य घरापर्यंत जे पोचले ते म्हणजे सूर्यचूल, काळ्या रंगाची आरशाच्या झाकणाची पेटी. तिला अनुदान होते. पण सकाळी सातला पाळीवर जाणाऱ्या घराने भर दुपारी अंगणात भात शिजवावा हे कुणाच्या डोक्यातून आले असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो. अंगण असलेल्याच्या आणि दुपारी घरात कोणी असलेल्याच्या डोक्यातून, हे उघड आहे.

खरी मोठी सवलत चुलीला नव्हती. ती प्राप्तिकर कायद्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात होती.

घसारा हा शब्द आपल्या वाचकांपैकी अनेकांना रूक्ष वाटेल, म्हणून थोडे थांबून सांगतो, कारण सगळी मेख येथेच आहे. कारखानदाराने यंत्र घेतले की ते दरवर्षी झिजते, ही झीज खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येते, आणि उरलेल्या नफ्यावर कर भरायचा असतो. साध्या यंत्राला नव्वदच्या दशकात वर्षाला पंचवीस टक्के झीज धरत. सौर व पवनऊर्जेच्या यंत्रांना मात्र पहिल्याच वर्षी शंभर टक्के धरता येत असे. आता हिशोब करा. एखाद्या कंपनीने एक कोटीचे यंत्र घेतले आणि कराचा दर पस्तीस टक्के धरला, तर साध्या यंत्रावर पहिल्या वर्षी पावणेनऊ लाख रुपये कर वाचतो, ह्या यंत्रावर पस्तीस लाख. कर कायमचा माफ होत नाही, पुढच्या वर्षांत ही झीज दाखवता येत नसल्याने तो सावकाश वळता होतो. पण मधल्या वर्षांत सव्वीस लाखांवर रक्कम कंपनीच्या हातात खेळते, आणि तिच्यावर व्याज नाही. सरकारने उद्योगपतीला दिलेले हे बिनव्याजी कर्ज होय. ह्या कर्जाला जामीन लागत नाही, तारण लागत नाही, अर्ज लागत नाही. एकच अट आहे : तुमच्याजवळ करपात्र नफा असला पाहिजे, आणि जितका मोठा नफा तितका सवलतीला वाव अधिक. आमच्या गल्लीत मुलाच्या दवाखान्यासाठी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे उचलणाऱ्या माणसाला ह्या तक्त्यात जागा नाही, कारण तो प्राप्तिकर भरत नाही. तो कर भरतो तो काडीपेटीवर, तेलावर, मोबाईलच्या रिचार्जवर. त्या करांना घसारा नसतो.

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला ह्याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांचे रान उभे राहिले. वारा तेथे पूर्वीपासून होता. १९९८ च्या सुमारास राज्याने विक्रीकराची सवलत जोडली, केंद्राचा घसारा होताच, आणि पठारावर अचानक गुंतवणुकीचा वारा सुटला. आमच्या शेजारच्या आकुर्डीच्या बजाज ऑटोनेही तेथे आणि नगर जिल्ह्यातील सुपे येथे पवनचक्क्या उभारल्या. सगळ्या मिळून पासष्ट मेगावॅटच्या आसपास. ह्यात बेकायदा काही नव्हते. सरकारने दार उघडे ठेवले होते आणि ज्याला आत जाणे परवडत होते तो गेला. पण एक तपशील बोलका आहे. २००८ मध्ये ह्या समूहाची विभागणी झाली, तेव्हा ह्या पवनचक्क्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे राहिल्या नाहीत. त्या विमा आणि कर्जाचा व्यवसाय करणाऱ्या बजाज फिनसर्व्हकडे गेल्या. यंत्र उर्जेचे असले तरी हिशोबाच्या वहीत त्याचे खरे स्थान कोणते, हे ह्यावरून कळते.

पुढे सरकारलाही ह्या सवलतीतील खोट उमगली. घसारा यंत्र उभे करण्यावर मिळतो, ते चालवण्यावर नाही. पंखा फिरला काय आणि न फिरला काय, पहिल्या वर्षीचा कर वाचलाच. म्हणून २००९ च्या अखेरीस पवनऊर्जेसाठी प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटला पन्नास पैसे देण्याची योजना आणावी लागली. ती घसाऱ्याची सवलत न घेणाऱ्यांसाठी होती. घसाऱ्याचे प्रमाण २००२ नंतर ऐंशी टक्क्यांवर आले. २०१२ मध्ये पवनचक्क्यांची ही सवलत काढून घेतली, गुंतवणूक कोसळली, २०१४ मध्ये परत दिली. २०१७ च्या एप्रिलपासून सौर-पवन दोहोंसाठी ती चाळीस टक्क्यांवर आणली. साध्या यंत्राचा दर तोवर पंधरा टक्के झाला होता, म्हणजे फरक अजून उरलाच आहे.

उभे करण्याला पैसा, चालवण्याला नाही. हे वाक्य लिहिताना मला आमच्या गावाकडची वस्ती आठवते. लातूर जिल्ह्यातील त्या वस्तीत सरकारी निधीतून सौर दिवे लागले, तेव्हा मी नववीत होतो. उद्घाटनाला हार, नारळ, फोटो. दोन पावसाळ्यांत बॅटऱ्या गेल्या. खांब अजून आहेत, त्यांना गुरे बांधतात. श्रीमंतांच्या पठारावर न फिरणारा पंखा आणि गरिबांच्या वस्तीत न लागणारा दिवा ही एकाच धोरणाची दोन अपत्ये आहेत. फरक इतकाच, की पंख्याच्या मालकाचा फायदा पहिल्याच वर्षी होऊन गेला होता.

आता शास्तीकराकडे येतो. थेरगाव हे पवनेच्या काठचे गाव. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठीच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी-चिंचवडच्या जमिनी घेतल्या, १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या चार गावांची नगरपालिका झाली. १९८२ साली महानगरपालिका झाली तेव्हा थेरगाव तिच्यात आले. बहात्तरच्या दुष्काळापासून मराठवाड्याची माणसे ह्या पट्ट्यात येतच होती. माझे वडील १९८६ साली आले, एका वर्कशॉपमध्ये कंत्राटी हेल्पर म्हणून. कारखान्यांनी माणसे बोलावली, पण ती राहणार कोठे ह्याचा विचार कुणी केला नाही. म्हणून माणसांनी आपली सोय आपण केली. शेतकऱ्याकडून गुंठा-अर्धा गुंठा घ्यायचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढी जमीन सातबाऱ्यावर नावाने चढत नसे, म्हणून नोटरीपुढे साठेखत करायचे आणि भिंती उभ्या करायच्या. वडिलांनी आणि चुलत्यांनी मिळून १९९८ साली एक गुंठा घेतला. आधी पत्र्याच्या दोन खोल्या, मग स्लॅब, २००९ साली वरचा मजला. अशी घरे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा झाला, त्याच्या तारखा पुढे वाढल्या, पण शुल्क भरून आणि नकाशे काढून त्यातून पार पडणे दर घराला जमले नाही.

महानगरपालिका अधिनियमात कलम २६७-अ आले आणि ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती बसली. मूळ कर एक आणि शास्ती दोन, म्हणजे तिप्पट. आमचा वरचा मजला त्या तारखेच्या एक वर्ष पुढचा. पिंपरी-चिंचवडमध्ये ह्या करावर मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. २०१७ मध्ये सहाशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना दिलासा मिळाला. दोन भावांचे घर मिळून आम्ही त्या मापाच्या बाहेर गेलो. अखेर २०२३ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने शहरातील शास्तीकर माफ केला, मूळ कराची थकबाकी आधी भरण्याच्या अटीवर.

बाबासाहेबांनी १९२७ साली मांडलेला निकष येथे लावून पाहा. मिळकतकराच्या ज्या व्यवस्थेत शास्तीची ओळ होती, त्याच व्यवस्थेत सुटीचीही ओळ होती. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिका सौर यंत्रे, पर्जन्यजलसंचय, गांडूळखत अशा सोयी असलेल्या निवासी मिळकतींना करात पाच ते दहा टक्के सूट देतात. पर्यावरणपूरक म्हणून मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना पिंपरी-चिंचवडने त्याहून अधिक सूट दिली, बिल्डरांना बांधकाम परवान्याच्या शुल्कातही सवलत दिली. डांगे चौकातून वाकडच्या दिशेने पाहिले की हिंजवडीच्या पगारांवर उभे राहिलेले मनोरे दिसतात. त्यांच्या गच्चीवर सौर पाणीतापकांच्या नळ्या चमकतात. अशा अनेक मोठ्या नव्या इमारतींना ते यंत्र बांधकामाच्या नियमांनीच बसवावे लागते. म्हणजे जे कायद्याने करायचेच होते त्याबद्दल तेथे सूट. आणि चौकाच्या ह्या बाजूला, जेथे परवान्याचा नकाशा मिळण्याची सोयच नव्हती, तेथे तिप्पट. शहर एक, कर एक. एकाच्या छपराला बक्षीस आणि दुसऱ्याच्या छपराला दंड.

कोणी म्हणेल, बेकायदा बांधकामाला दंड नको काय? नदीच्या पूररेषेत, रस्त्याच्या आखणीत घरे होऊ द्यायची काय? हा प्रश्न खोटा नाही. आमच्या गल्लीत अग्निशामक बंब वळत नाही, हे मी नाकारत नाही. पण ज्या गुंठ्यावर कारखान्याच्या कंत्राटी मजुराला कायदेशीर घर मिळणे शक्य नव्हते, त्या गुंठ्यावरील भिंतीला बेकायदा म्हणताना कायदा तपासला पाहिजे, केवळ भिंत नव्हे.

२०१५ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. छपरावर दिवसा झालेली जादा वीज वीजमंडळाला द्यायची, रात्री घेतलेल्या विजेतून ती वजा करायची. त्याच साली केंद्राने राष्ट्रीय सौर अभियानाचे २०२२ पर्यंतचे उद्दिष्ट वीस हजारांवरून एक लाख मेगावॅट केले, त्यात चाळीस हजार मेगावॅट छपरांवर यायचे होते. मुदत उलटली तेव्हा छपरे फार मागे राहिली होती. मोठे प्रकल्प वाढले, कारखान्यांची छपरे वाढली, घरे रेंगाळली. ह्याची कारणे पुष्कळ आहेत, मी त्यातले करांचे तेवढे सांगतो. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवाकर आला तेव्हा सौर यंत्रांवर तो पाच टक्के होता. मग बसवण्याची मजुरी सेवा की यंत्राचा भाग असा वाद झाला, आणि २०१९ पासून किमतीच्या सत्तर टक्क्यांवर यंत्राचा दर व तीस टक्क्यांवर सेवेचा अठरा टक्के दर असा तोडगा निघाला. १ ऑक्टोबर २०२१ ला यंत्राचा दर बारा टक्के झाला. म्हणजे एकूण भार १३.८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ ला तो पुन्हा पाच झाला, भार ८.९ वर आला. मधल्या चार वर्षांत कारखान्याने हे यंत्र घेतले तर भरलेला कर त्याला सामान्यतः आपल्या विक्रीवरील करातून वळता करता येई. घर चालवणाऱ्या बाईला काही वळते करता येत नाही, तिच्या बाबतीत कर हा कर म्हणूनच राहतो. २०२२ च्या एप्रिलपासून परदेशी पॅनेलांवर चाळीस टक्के आयात शुल्क लागले. देशी उद्योगाला संरक्षण हवे हे मला मान्य आहे, तरी ते संरक्षण कोणाच्या खिशातून दिले गेले हेही नोंदवले पाहिजे.

हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकेतील बोरेन्स्टीन आणि डेव्हिस ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली तेथील स्वच्छ ऊर्जेच्या प्राप्तिकर सवलती कुणाला मिळाल्या ते तपासले. उत्पन्नाच्या उतरंडीत वरच्या वीस टक्क्यांकडे साठ टक्के रक्कम गेली होती, खालच्या साठ टक्के कुटुंबांच्या वाट्याला दहा टक्क्यांच्या आसपास. जर्मनीने २००० सालापासून सौर विजेला चढा भाव दिला आणि त्याचा अधिभार घरोघरच्या वीजबिलावर टाकला, भाड्याने राहणाऱ्याच्याही. हा अधिभार २०२२ मध्ये उठला. दरम्यान २०१७ मध्ये भाडेकरूंना आपल्याच इमारतीच्या छपरावरील वीज मिळावी म्हणून त्यांना कायदा करावा लागला. आपल्याकडे दिल्लीने २०१९ मध्ये दुसरीकडे उभारलेल्या पॅनेलांतील वाटा आपल्या बिलात वळता करण्याची सोय केली. छप्पर नसले तरी सूर्यात वाटा असू शकतो, ही कल्पना जगाला अपरिचित नाही.

२०२४ ची पंतप्रधान सूर्यघर योजना करसवलतीची नाही, रोख अनुदानाची आहे, आणि हा फरक मी महत्त्वाचा मानतो. येथे करपात्र नफा लागत नाही. एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ, तीनला जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये. २०२५ मध्ये महाराष्ट्राने तिला आपली जोड दिली : महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी. पन्नास हजारांच्या एका किलोवॅटमागे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने अडीच हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाने पाच हजार, इतरांनी दहा हजार भरायचे. चाळीस वर्षांत प्रथमच सवलतीची उतरंड उलटी झाली, ज्याची ऐपत कमी त्याला अधिक. ह्याचे श्रेय द्यायला मला संकोच वाटत नाही. कृषिपंपांच्या योजनेतही अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा हिस्सा पाच टक्के आहे, इतरांचा दहा.

परंतु पंप हवा तर सातबारा आणि पाण्याचा स्रोत हवा. छपरावरची वीज हवी तर स्वतःचे छप्पर आणि स्वतःच्या नावाचा मीटर हवा. टक्केवारी कितीही उदार असो, ती ज्या कागदावर मोजायची तो कागद आमच्या लोकांजवळ किती, हा खरा प्रश्न आहे. ग्रामीण भागात तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी, विशेषतः २०२३ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात, सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या जातात, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले ते ह्याच पडीक, गायरान जमिनींसाठी. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे वचन दिले. ज्यांनी तीन-चार दशके गायरान कसले पण नाव चढले नाही, त्यांच्या बांधावर आता सौर प्रकल्पाची मोजणी येते. खाजगी शेतकऱ्याला त्याच योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे आहे. गायरान कसणाऱ्याला भाडे कशाचे, तो तर कागदावर अतिक्रमक.

१९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना वीज हा विषयही बाबासाहेबांकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला. उद्योगीकरण माणसाला दारिद्र्यातून सोडवण्यासाठी, आणि त्यासाठी वीज स्वस्त आणि मुबलक हवी. ती खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच पटलावर ठेवला होता. छपरावरच्या विजेने ह्या प्रश्नाला तिसरे उत्तर दिले : घरमालकाची. घर नाही त्याचे काय, हे त्या उत्तरात नाही.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत असतो तर येथेच थांबलो असतो. पण आमच्या घरात दोन भाडेकरू कुटुंबे राहतात. एक परभणीचे, एक विजापूरकडचे. मीटर एकच आहे, वडिलांच्या नावाचा, जिन्याखाली. भाडेकरूंना पोटमीटर आहेत आणि युनिटला दहा रुपये दर आहे. तो वडिलांनी ठरवला, ह्या भागात सगळे तेवढाच घेतात. महावितरणचा दर पहिल्या शंभर युनिटांना कमी, पुढे चढत जातो. चार बिऱ्हाडे एका मीटरवर असल्याने आमचा वापर शंभरच्या कितीतरी वर जातो. प्रत्येक कुटुंब वेगळे मोजले तर साठ-सत्तर युनिटांचे, सगळ्यात खालच्या दराचे गिऱ्हाईक. एकत्र मोजले की तेच एक चैनी घर. त्यामुळे शंभर युनिटांच्या आतल्यांसाठी असलेली २०२५ ची योजना आमच्या जिन्यात कुणालाच लागू होत नाही. आम्हाला नाही, कारण मीटर फार वापर दाखवतो. परभणीकरांना नाही, कारण त्यांच्या नावाचा मीटरच नाही. वेगळा मीटर द्यायचा तर वडिलांना धास्ती वाटते, उद्या ते जागेवर हक्क सांगतील. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या कागदाची भीती बाळगली त्यांना आता आपल्या कागदाची भीती वाटते. मी त्यांच्याशी ह्यावर दोनदा बोललो, दोन्ही वेळा आवाज चढला.

केंद्राच्या योजनेतून तीन किलोवॅट बसवायचे तर गच्चीची अंदाजे तीनशे चौरस फूट सावलीविना जागा लागते. ती आहे. खर्च दीड लाखाच्या घरात, अनुदान यंत्र बसल्यावर खात्यात येणार, तोवर आपले किंवा बँकेचे पैसे. गच्ची दोन भावांची असल्याने चुलत्यांची संमती हवी, आणि चुलते गेल्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले आहेत.

यंत्र बसले तर दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज होईल आणि ती वडिलांच्या मीटरवर जमा होईल. परभणीकर ताई कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या होत्या. मी फुटपट्टीने मापे घेत होतो. त्यांनी विचारले, "सर, हे बसलं की आमचं युनिट कितीला पडंल?" मी म्हटले, बघतो. चुलत्यांची सही अजून गावाहून यायची आहे.